शिंगं ठेवा, लोकर काढा

डॉक्टर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनातसुद्धा तुमच्याशी बोललो नाही. लोक मेलेल्यांशी बोलतात, फोटोला हार घालताना बोलतात, पक्षपंधरवड्यात पान वाढताना बोलतात. मला ती सवय नाही. आज लिहितोय ते कामाचं म्हणून. घाटावर एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी लांब लोकरीच्या तेरा शेळ्या पाळल्यात, त्याच तुर्की जातीच्या. त्यांना कुणीतरी माझं नाव सांगितलं. माझं, तुमचं नाही. त्यांचं पत्र आलं: शेळ्यांची शिंगं कुंपणाच्या जाळीत अडकतात, एकमेकींना ढुशा देतात, तेव्हा शिंगं काढून टाकावीत की ठेवावीत? मी काल उत्तर टाकलं. दोन ओळी. 'शिंगं काढू नका. जाळी बदला.' पेटीत टाकून घरी आलो, हातपाय धुतले, आणि लक्षात आलं की त्या दोन ओळींमागे जे आहे ते त्या मास्तरांना कळवण्यासारखं नाही. ते तुमचं आहे. तुम्हीच घ्या.

तुमच्या गिरगावच्या मंडळींतलं अजून कुणी हयात असेल तर तो म्हणेल, याला डॉक्टरांनी घडवला. तुमच्या तेराव्याला हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जिन्यात उभा होतो, वर कुणी बोलावलं नव्हतं. खोटं आहे ते. परळला ट्रामच्या रस्त्यावर तुमचा जनावरांचा दवाखाना होता. मी गिरणीत बदली कामगार, महिन्यातले आठ दिवस काम आणि बाकीचे दिवस गेटवर उभं राहणं. तुमच्याकडे आलो तो बादल्या धुवायला. दोन वर्षांनी मी व्हिक्टोरिया गाडीच्या घोड्याच्या खांद्याला टाके घालत होतो. मधल्या काळात तुम्ही मला काही शिकवलं नाहीत. मी बघितलं. आणि तुम्ही तर धड बघूही देत नव्हता. टाका घालताना पाठ माझ्याकडे करायचात, मला वळसा घालून पलीकडे जाऊन उभं राहावं लागायचं. 'उजेड अडवू नकोस,' म्हणायचात. तुमचा उजेड मी एकदाही अडवला नाही, डॉक्टर. मी नेहमी खिडकीच्या समोरच्या बाजूला उभा असायचो. तुम्ही असता तर म्हणाला असता, हा असल्याच गोष्टी धरून बसतो. होय, बसतो.

एका दिवाळीला तुम्ही मला पुस्तक दिलंत. जनावरांच्या शस्त्रक्रियेचं, इंग्रजी, पाठीची शिवण सुटलेलं. देताना म्हणालात, 'वाचता यायचं नाही तुला. चित्रं बघ.' वहिनी शेजारी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, 'अहो, द्यायचं तर नीट द्या,' तर तुम्ही हसलात. मी मराठी चौथी शिकलेला. चोरबाजारातून जुना शब्दकोश आणला. पहिलं पान उलगडायला बारा दिवस लागले, शेवटचं पान दहा मिनिटांत वाचलं; मधे दोन वर्षं गेली. त्या पुस्तकात घोड्याला दोनशे चाळीस पानं आहेत, गाईबैलांना एकशे साठ, कुत्र्याला नव्वद, आणि शेळीला नऊ. त्या नवांत शिंगांवर तीन ओळी. त्यांचा अर्थ एवढाच की गाईला करता तसंच शेळीला करावं. तुम्ही त्या तीन ओळींवर अकरा जीव टांगलेत.

त्या अकरा शेळ्या दसऱ्याच्या सुमारास गोदीत उतरल्या. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम नुकती तापायला लागली होती. शेळ्या कुणा शेठने मागवल्या होत्या. शेठ मी कधी पाहिला नाही, त्याचा मुकादम तेवढा रोज असायचा. बेत असा, की त्या घाटावर थंड हवेत न्यायच्या आणि त्यांच्या लोकरीचं भारी कापड काढायचं. घाटावरची जागा तयार नव्हती, म्हणून तोवर त्यांना रे रोडला लाकडाच्या वखारींमागे एका पत्र्याच्या गुदामात ठेवलं. देखरेखीचं काम तुम्हाला मिळालं आणि तुम्ही ते माझ्यावर टाकलंत. मी रोज लालबागहून काळाचौकीवरून चालत जायचो. त्या शेळ्या म्हणजे आपल्याकडच्या नव्हेत. पांढऱ्याशुभ्र, अंगभर वीतभर लांब लोकरीच्या बटा, बटांना रेशमासारखी चमक. नऊ माद्या, दोन बोकड. माद्यांची शिंगं बारीक, मागे वळलेली. बोकडांची जाड, बाहेरच्या अंगाला पीळ घेत गेलेली. आजूबाजूला सागाच्या भुशाचा वास, वर तापलेला पत्रा, बंदराकडची दमट हवा, आणि यांच्या अंगावर थंड मुलखातला कोट. दिवाळी आली तरी उकाडा हटत नव्हता. दुपारी त्या तोंड उघडून धापा टाकायच्या.

माझी आई कोकणात शेळ्या राखायची. दुपारी शेळीजवळ गेली की तिचा हात आधी शिंगाच्या बुडाशी जायचा. 'शिंगाक हात लावन बघ,' म्हणायची, 'शिंग तापला तर शेळी तापली समज. मगे सावलीत घाल, पाणी दाखव.' मी रे रोडला तेच करू लागलो. आणि नुसता हात लावून थांबणारा मी नव्हे. वहीत तीन रकाने आखले: वेळ, शिंग, धाप. दिवसातून चार वेळा, अठरा दिवस. त्यात मला दिसलं ते असं. धाप लागायच्या आधी शिंग तापतं, बुडाकडून टोकाकडे. शेळीला दारातल्या वाऱ्यात उभं केलं की आधी शिंग निवतं, मग धाप उतरते. याचा अर्थ मी असा लावला, की सगळं अंग लोकरीने झाकलेलं, आतली उष्णता बाहेर पडायला जागा नाही, आणि शिंग ही उघडी जागा आहे. आत रक्त खेळतं, ते तिथे हवेवर निवतं आणि परत जातं. बऱ्याच वर्षांनी हेच मी छापलेलं वाचलं, शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं. तेव्हा मात्र ते एका चाळीस पानी वहीत आणि आईच्या तळहातात होतं, दुसरीकडे कुठे नव्हतं.

मग शेठचा निरोप आला. घाटाची वॅगन बुधवारची ठरली आहे, तिच्यात भरायच्या आधी सगळ्यांची शिंगं काढावीत. कारणं होती. वॅगनच्या फळ्यांच्या फटीत शिंग अडकलं तर मान मोडते. बोकडाने ढुशी दिली तर गाभण मादीचा गाभ पडतो. एकमेकींच्या अंगावर शिंगं घासून लोकर तुटते. ही कारणं खोटी आहेत असं मी तेव्हाही म्हटलं नाही. मी वही घेऊन आलो. तुम्ही गुदामाच्या दारात उभे, शेजारी मुकादम विडी ओढत. मी म्हटलं, 'डॉक्टर, शिंगं ठेवा, लोकर काढा. लोकर कातरली की अर्धा त्रास आजच जाईल. फटींना आतून गोणपाट ठोकू, बोकड वेगळे बांधू. ठोकायचं काम मी करतो.'

मुकादम म्हणाला, 'लोकर काढून कसं चालंल? शेठला घाटावर पावण्यांना दाखवायचीय. बोडकी बकरी काय दाखवणार?'

तुम्ही वही हातात घेतलीत, उघडली नाहीत. 'हे कुठे शिकलास?'

'आई बघायची. शिंगाला हात लावून.'

'आईची डिग्री कुठली ते विचारा याला,' तुम्ही मुकादमाला म्हणालात. तो हसला, विडीचा धूर नाकात जाऊन खोकला. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. 'तू ड्रेसर आहेस. ड्रेसरने कापूस धरायचा, मत धरायचं नाही. ताप बघायला आपल्याकडे थर्मामीटर आहे.'

थर्मामीटर एकच होता, डॉक्टर, आणि तो परळला होता.

शनिवारी सकाळी तुम्ही मला गिरगावला बोलावलंत, हत्यारं उचलायला. तुमच्या स्वयंपाकघरात मी तेव्हा पहिल्यांदा गेलो आणि नंतर कधी गेलो नाही. मोठं काम असलं की हत्यारं तुम्ही घरी उकळायचात, दवाखान्यातल्या स्टोव्हवर तुमचा विश्वास नव्हता. वहिनींचं दुधाचं पातेलं, त्यात तारेची करवत वेटोळं घालून उकळतेय, आणि वहिनी ओट्याशी कमरेवर हात ठेवून. 'या पातेल्यात मी परत दूध तापवणार नाही, सांगून ठेवते.' तुम्ही म्हणालात, 'अगं, आता यापेक्षा स्वच्छ पातेलं अख्ख्या गिरगावात नाही.' 'मग तुमचा चहा यातच करते,' वहिनी म्हणाल्या. मला त्यांनी कपबशीतून चहा दिला आणि बसायला पाट. पाट का, खुर्ची का नाही, यावर मी पुढे बरीच वर्षं विचार केला आहे. आता वाटतं, त्या स्वयंपाकघरात खुर्ची नव्हतीच. तुम्ही चिमट्याने तार उचलायला गेलात. तार परत पाण्यात पडली. दुसऱ्यांदाही पडली. वहिनींनी पाहिलं, मी पाहिलं. 'वाफ लागली,' तुम्ही म्हणालात, आणि वहिनींनी खिडकी उघडली, जणू खरंच वाफेचंच काम होतं.

गुदामात तुम्ही आधी एक मादी घेतलीत. मुकादमाने तिला मांड्यांत धरलं, मी डोकं धरलं. डोळा आणि शिंग यांच्या मधे तुम्ही बधिर करायची सुई दिलीत, दोन्ही बाजूंना एकेक. थोडं थांबलात, शिंगाच्या बुडाशी तार अडकवलीत आणि दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढायला लागलात. ती जी ओरडली, ते शेळीचं ओरडणं नव्हतं. वखारीतले हमाल काम टाकून दारात आले. तुम्ही म्हणालात, 'भ्यायलीय नुसती, दुखत नाही तिला.' तिचं डोकं माझ्या छातीशी होतं. भ्यायलेलं डोकं आणि दुखणारं डोकं माझ्या बरगड्यांना वेगळं कळत होतं. शिंग निघालं. खाली जे दिसलं ते तुम्ही धरून चालला नव्हतात, तुमच्या तोंडावर मी ते वाचलं. एवढ्याशा कपाळाला जुन्या रुपयाएवढं भोक, आत नाकापर्यंत पोकळी, आणि त्या भोकातून तिचा श्वास आतबाहेर होतोय, कडेच्या रक्ताला बुडबुडे येतायत. तुम्ही तापल्या सळईने डाग दिलात, वर कापूस, वर पट्टी. दुसरी झाली. तिसरीला तुमचा हात घसरला, तार तिरकी गेली आणि कातडं कानापर्यंत फाटलं. तुम्ही टाके घातलेत, हात धुतलेत, पेटी भिंतीशी ठेवलीत. 'उरलेल्या आठ सोमवारी,' म्हणालात. साडेअकरा वाजले होते. तिन्ही शेळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

त्या सुईचं सांगतो, कारण तुम्हाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या वर्षभरात मी खाटकाकडून बकऱ्याच्या मुंड्या आणल्या. एकूण बावीस. चाळीच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचं आणि दाढीच्या ब्लेडने एकेक पदर सोडवत नस शोधायची. बायको म्हणाली, 'खायची असली तर चुलीवर ठेवते. नुसती बघायची असली तर मसणात जाऊन बघा.' शेजारच्या म्हाताऱ्याने तर मी करणी करतो असं ठरवून माझ्या दारावरून जाणं बंद केलं. सातव्या मुंडीत सापडलं. बाविसाव्यापर्यंत खात्री करत गेलो. गाईच्या शिंगाला दुखणं पोचवणारी मुख्य नस एक, डोळ्याच्या मागून जाणारी. शेळीला दोन. एक तशीच मागून, आणि दुसरी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या वरून. तुम्ही एक झोपवलीत आणि दुसरी जागी ठेवलीत. बत्तीस वर्षांची प्रॅक्टिस, भिंतीवर काचेत लावलेली डिग्री, आणि अर्धं शिंग जागं. हे सांगायला मी दवाखान्यात यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मी तेव्हा तुमची नोकरी सोडली होती.

मी सरसकट शिंगं काढण्याच्या विरुद्ध आहे असं समजू नका. अर्धवट माणसं सरसकट बोलतात. दुधाच्या शेळीचं करडू पाचसात दिवसांचं असताना शिंगाचा कोंब डागून टाकतात, ते मी स्वतः केलं आहे, दोन्ही जागी सुई देऊन. तिथेही सळई जरा जास्त टेकली तर खाली पातळ कवटी आणि तिच्याखाली मेंदू. लोकरीच्या शेळीचं मात्र वेगळं. ती कोट काढू शकत नाही. तिची निवायची जागा डोक्यावर आहे. शिवाय कातरताना तिला धरायला शिंगासारखा दांडा नाही. पाय धरलात तर लाथ मारते, लोकर धरलीत तर लोकर हातात येते. एवढं सगळं त्या मास्तरांना लिहिता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, वाढलेल्या शेळीची काढली तर काय होतं ते तुम्ही पाहिलंय का. म्हणून दोन ओळी.

सोमवारी हरताळ पडला. गिरण्यांचे भोंगे झाले आणि आत कुणी गेलं नाही. चाळीच्या चाळी फोर्टच्या दिशेने निघाल्या. मलाही जायचं होतं. तुम्हाला त्या सगळ्याची चेष्टा. दवाखान्यात म्हणाला होतात, 'मुंबई महाराष्ट्राला मिळाली तर तबेल्यातल्या म्हशी दूध वाढवणार आहेत का?' मी म्हटलं होतं, 'कमी तरी करणार नाहीत.' त्यावर तुम्ही चार दिवस माझ्याशी अबोला धरलात. तर मी मोर्च्याला न जाता रे रोडला गेलो, कारण शनिवारच्या तिघींच्या पट्ट्या बदलायच्या होत्या. ट्राम बंद, बस बंद. तुम्ही आला नाहीत. बाराच्या सुमाराला मुकादम आला. 'आख्खं लालबाग मोर्च्यात नि तू हितं? डाक्टर कुठाय?'

'येणार कसे?'

'वॅगन परवाची हाय. शेठ माझी कातडी काढंल.' तो शेळ्यांकडे बघत राहिला, मग भिंतीशी ठेवलेल्या तुमच्या पेटीकडे, मग माझ्याकडे. 'तुला येतं ना?'

हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. गिरणीत नाही, तुमच्याकडे नाही. शेठचा निरोप आल्यापासून मी सांगत होतो की शिंगं काढू नका. वही पिशवीत होती, पिशवी खांद्याला होती. मी म्हटलं, 'येतं.'

तुम्ही म्हणाल, मग माझा दोष काय राहिला? थांबा. शिंगं काढायचं तुम्ही ठरवलंत. सुई कुठे द्यायची ते तुम्ही दाखवलंत, मी तिथेच दिली. पेटी तुम्ही ठेवून गेलात. तुम्ही त्या दिवशी दारात वही उघडली असतीत तर मुकादमाला मला विचारायची वेळच आली नसती. इतकी वर्षं मी हे स्वतःला याच क्रमाने सांगत आलो आहे आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. सोमवारी पाच केल्या, मंगळवारी सकाळी तीन. माझी तार एकदाही तिरकी गेली नाही. शिंगाच्या बुडाभोवती बोटभर कातडं धरून, एका पातळीत, न थांबता. डाग देताना सळई किती लाल हवी ते मी शनिवारी तुमचं बघून शिकलो होतो. ओरडणं तेच होतं. ते मला ऐकू येत होतं, पण हात थांबत नव्हता.

मंगळवारी दुपारी वारा पडला. शहरात गोळीबार झाल्याच्या बातम्या वखारीपर्यंत आल्या होत्या, रस्त्यात शुकशुकाट, बर्फाची दुकानं बंद. मी वखारीच्या नळावरून बादल्या आणल्या, शेळ्यांच्या अंगावर पाणी मारलं. लोकर भिजून जड झाली आणि आत वाफ धरली, उलट वाईट झालं. सवयीने मी प्रत्येकीच्या शिंगाच्या बुडाकडे हात न्यायचो आणि हाताला पट्टी लागायची. कोणती तापलीय, कोणती नाही, काही कळायला मार्ग नाही. कळलं ते धाप लागल्यावर, आणि तोवर फार पुढे गेलेलं असतं. चार वाजता मी कात्री घेतली आणि मुकादमाला न विचारता लोकर कातरायला बसलो. तो 'अरे, अरे' करत आला, मी मान वर केली नाही, आणि थोड्या वेळाने तो स्वतःच बटा गोळा करून गोणीत भरू लागला. बुधवारी सकाळपर्यंत चार गेल्या. तुमच्या तिघींतली एक, माझ्या आठांतल्या तीन. वॅगन त्या बुधवारी आलीच नाही. हरताळात वॅगन कोण सोडणार होतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला तुम्ही आलात. गिरगावहून चालत. भायखळ्याला पोलिसांनी परत फिरवलं म्हणून माझगावच्या बाजूने वळसा घालून. साठीला आलेले, कोट हातावर, बुटांवर पांढरी धूळ, सदऱ्याची पाठ घामाने चिकटलेली. सोमवारी येणार होतात, तिसऱ्या दिवशी आलात, मी हे मोजलं होतं. मुकादम तुम्हाला बघताच सुरू झाला, 'डाक्टरसाहेब, ह्यानं केलं समदं. सवताच्या मनानं. मी काय बोललो न्हाय.' आणि तुम्ही श्वास घ्यायलाही न थांबता म्हणालात, 'मीच सांगितलं होतं त्याला. निरोप पाठवला होता.'

तुम्ही निरोप पाठवला नव्हता. हरताळात निरोप कोण आणणार होतं? मुकादमालाही ते कळलं, पण डॉक्टरच्या तोंडावर खोटं म्हणायची त्याची छाती नव्हती. मला या वाक्याचा जितका राग आला तितका आईच्या डिग्रीचाही आला नव्हता. शिंगं काढायची हे तुमचं, काढू नयेत हे म्हणायचा हक्क तुमचा, आणि आता चूकही तुमचीच; मला तिच्यातही उभं राहायला जागा नाही. वहिनी पुढे एकदा मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'तुझ्यासाठी केलं हो त्यांनी.' मी म्हटलं, 'मी मागितलं नव्हतं.' वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघून गेल्या. शेठचं काम तुमच्या हातून गेलं. पाठोपाठ दोन मोठे तबेले गेले. डॉक्टरचा हात गेला, असं परळभर झालं, आणि ते तुम्ही होऊ दिलंत. आठ माझ्या हातच्या होत्या हे तुम्ही एकालाही सांगितलं नाहीत. मीही सांगितलं नाही. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली ती माझं ऐकलं नाही म्हणून सोडली, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरंच आहे. त्यांना तेवढंच पुरतं.

हे पत्र मी टाकणार नाही. वहिनी अजून त्याच घरात असतात असं ऐकतो, आणि पुढचं त्यांनी वाचलेलं मला चालणार नाही. त्या बुधवारी मुकादम बाहेर गेल्यावर तुम्ही जमिनीवर बसलात. माझ्या मांडीवर पाचवी होती, मी मंगळवारी सगळ्यात शेवटी कापलेली मादी, धाप लागलेली, जीभ बाहेर. तुम्ही तिची पट्टी उचललीत. एका बाजूने पाहिलंत, मग डोकं वळवून दुसऱ्या बाजूने. बराच वेळ. 'काप स्वच्छ आहे,' म्हणालात. 'माझ्याच्याने असा होत नाही आता.' एवढ्या वर्षांत तुम्ही मला चांगलं म्हणालात ते त्या एकदाच. शेळी तेव्हा जिवंत होती, डॉक्टर, अजून पाचेक मिनिटं होती. मी तिच्याकडे बघायला हवं होतं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो, आणखी काही म्हणता का म्हणून.